तांब्यातली पाठ

मिनल आली त्या दिवशी मी सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदलत होते. बेल वाजली आणि मनात पहिला विचार आला तो हा, की जो कोणी असेल तो चहा न घेता जाऊ दे रे पांडुरंगा. पेणकरपाड्यात तीस वर्षं काढली, दारी आलेल्याला कधी बिनचहाचा परत पाठवला नाही. पण आठ महिने झाले, माझ्या मनात असलेच विचार येतात.

दारात चाळिशीची बाई उभी. केस आखूड, खांद्याला कापडी झोळी, नखांच्या कडांत काळं काहीतरी अडकलेलं. त्या नखांवरूनच ओळखलं, की ही ह्यांच्या कॉलेजातली. तशी नखं मी बत्तीस वर्षं ह्यांच्या हाताला बघितली. रॉकेल लावा, लिंबाची साल घासा, ती शाई काही जायची नाही.

"काकू, मी मिनल. नाथाकाकांच्या हाताखाली शिकले मी. शांती नगरात राहायला आलेय, परवाच कळलं काकांचं."

"हाताखाली कसली, बाय? ते शिपाई होते तिथे."

"कागदोपत्री शिपाई. छापायला आम्हाला त्यांनीच शिकवलं. सर फक्त वर्ग चालू आहे का ते बघायला यायचे."

मी तिला आत घेतलं.

आमचे हे मुंबईतल्या एका चित्रकलेच्या कॉलेजात होते, छापचित्रं करायच्या खोलीत. मुलं तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायची, मेणावर सुईनं चित्र काढायची आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायची. जिथे सुई फिरली तिथे ॲसिड तांबं खायचं, रेघ खोल जायची. मग त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओला कागद ठेवून प्रेसचं चाक फिरवायचं, की चित्र कागदावर. शाई भरणं, पुसणं आणि चाक फिरवणं हे ह्यांचं काम. हे सगळं मला ह्यांनीच कधीतरी जेवताना सांगितलेलं. मी हूं हूं केलं होतं आणि भात वाढला होता.

गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. पाय थोडे सुधारले, चार पायांची काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात. व्यायामाच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, डाव्या हातानं उजव्या मुठीत धरून दाबायचा. हे तो गादीवर सोडून द्यायचे. चेंडू घरंगळत कपाटाखाली जायचा आणि मी कंबर वाकवून काढायची. रोजचा खेळ.

पण खरं सांगायचं तर धुणं, पुसणं, उचलणं ह्यानं मी दमले नव्हते. मला दमवलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. ह्यांना काही नकोच असायचं. भूक लागली का? मान हलवायची, नाही. टीव्ही लावू? नाही. जितेश रात्री कामावरून यायचा, बापाजवळ बसायचा, "बाबा, काय आणू?" विचारायचा. तेच. आमच्या देवळात सप्ताहाला रोह्याचे ईश्वरबुवा कीर्तनाला यायचे. मी पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसायची. वासना मेली की माणूस सुटला, हे बुवांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलंय आणि किती वेळा डोळे पुसलेत. आता घरात एक माणूस असा, की ज्याची सगळी वासना मेलेली, आणि मला त्याच्याकडे बघून धडकी भरायची. बुवांना विचारायला पाहिजे होतं. पण आजारपणापासून कीर्तनाला जाणंच झालं नाही. फोनवर लावते, भांडी घासता घासता. ते म्हणजे जेवणाचा फोटो बघून जेवल्यासारखं.

मिनल ह्यांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसली. पाया पडली. मग बोलतच सुटली. कोण परदेशी गेलं, कोणी लग्न मोडलं, खोलीतली जुनी प्रेस कशी अजून तशीच आहे. हे तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या नखांकडे बघत होते. एकदम म्हणाले, "बाय, माझा पत्रा."

मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. आठ महिन्यांत ह्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द.

मिनलचा चेहरा उजळला. "आहे अजून? काकू, तुम्हाला माहितीय ना कुठला?"

"कुठला?"

"अहो, आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. माणसाचं शरीर काढायचा तास. समोर बसणारा माणूस आलाच नाही. सर म्हणाले, नाथा, तूच बस शर्ट काढून. सात दिवस बसले काका, पाठ करून. हलले नाहीत. मी तांब्यावर केलं ते चित्र. त्याच्या पाच छापा काकांनीच काढून दिल्या. मग आमच्यात एक रीत असते. ठरलेल्या छापा झाल्या की पत्र्यावर आडवी रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कोणी छापू नये. सरांनी सुई हातात दिली. मला जमेना हो. काकांच्या पाठीवर आडवं काहीतरी ओढायचं? मी रडायलाच लागले. शेवटी सरांना म्हटलं रेघ मारली, आणि पत्रा गुपचूप काकांना दिला."

हे सगळं ती हसत सांगत होती. माझं लक्ष 'शर्ट काढून' ह्यावर अडकलं होतं.

"उघडे बसलात?" मी ह्यांना विचारलं. "मुलींसमोर?"

"पाठ होती," हे म्हणाले.

मिनल खो खो हसली. माझ्याही तोंडावर हसू आलं असावं, कारण ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून देवघराकडे बोट केलं. "एक... छाप. काढायची."

"माझ्याकडच्या सगळ्या गेल्या काका. एक होती ती ओल लागून सडली," मिनल म्हणाली. "पण प्रेस आहे आता माझी. भाईंदरला गाळा घेतलाय, केबिन रोडच्या मागे. तळमजला आहे. गुरुवारी या. येता येईल ना काकू? रिक्षानं?"

"गुरुवार," हे म्हणाले. आणि चेंडू कुठाय म्हणून गादीवर चाचपायला लागले.

चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. कारण तो पत्रा मला चांगला ठाऊक होता.

बावीस वर्षांपूर्वी हे तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले होते. मला म्हणाले, "देवाजवळ ठेव." बस, एवढंच. मी उघडून बघितला. वीतभर रुंद, दीड वीत लांब तांब्याचा पत्रा आणि त्यावर नुसते काळे ओरखडे. मला वाटलं, कॉलेजातला टाकाऊ पत्रा मिळाला असेल, देवांना बसायला पाट म्हणून आणलाय. मी तो देवांच्या खाली घातला. आता देवांचं तांबं काळं ठेवायचं का? आमच्या संगमेश्वराकडे तसं कोणी ठेवलं तर सासू घरात घेणार नाही. मी चिंच घेतली, मीठ घेतलं, चुलीची राख मिळेना म्हणून रांगोळी घेतली आणि काथ्यानं घासायला बसले. ओरखडे जाईनात. मी म्हटलं, बघते तुझं. दर दिवाळी, दर पाडवा, दोन्ही मोठ्या एकादश्या. तीन-चार वर्षांत बारीक ओरखडे सगळे गेले आणि पत्रा असा झळकायला लागला, की समोरच्या हंसाबेन मुद्दाम बघायला यायच्या. "दुर्गाबेन, आप क्या डालते हो? एकदम सोना जैसा!" मी म्हणायची, "कुछ नहीं, हाथ का जोर है." आणि दिवसभर खुशीत असायची.

त्या हाताच्या जोरानं मी बावीस वर्षं माझ्याच नवऱ्याची पाठ घासून काढत होते.

संध्याकाळी मिनलनं फोनवर एक फोटो पाठवला. त्या वर्षी कॉलेजच्या पुस्तिकेत तिचं ते चित्र छापून आलं होतं, त्या पानाचा. हे झोपले होते. मी खिडकीशी बसले आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

स्टुलावर बसलेला माणूस, पाठ आपल्याकडे. मान किंचित डावीकडे कललेली. कमरेला धोतर गुंडाळलेलं, त्याच्या चुण्या स्टुलावरून खाली आलेल्या. चेहरा दिसतच नाही, फक्त कान आणि गालाची कड. तरी पहिल्या नजरेत ओळखले. उजवा खांदा जरा खाली टाकून बसायची सवय, ती तशीच.

आधी मला ते चित्र काळंच वाटलं. मग डोळा बसला. सगळ्या नुसत्या रेघाच होत्या, रंग म्हणून काही नव्हता. खाकेत रेघांवर रेघा, आडव्या, उभ्या, तिरक्या, इतक्या की गच्च काळोख. तिथून पाठीकडे यावं तशा त्या विरळ होत होत्या, केसासारख्या बारीक, पावसाळ्यात सकाळी असतो तसला अर्धा उजेड. आणि डाव्या खांद्यावर काहीच नाही. एक रेघ नाही. नुसता कागद. पण तोच खांदा सगळ्यात जास्त दिसत होता. ऊन पडलेला, घाम आलेला, गरम. तिनं तिथे काही काढलंच नव्हतं आणि सगळ्यात जास्त तिथेच होतं.

मला ईश्वरबुवा आठवले. आख्यान रंगात आलेलं असतं, मृदंग धडधडत असतो, टाळकरी घामाघूम, आणि आई पोराला शोधत येते त्या जागी बुवा एकदम हात वर करतात. सगळं थांबतं. मांडवात पंख्याचा आवाज ऐकू येतो. बुवा काही गात नाहीत, काही बोलत नाहीत, आणि बायका पदर तोंडाला लावतात. नुसतं गप्प राहून काही होत नाही हो. आधी तो मृदंग वाजलेला पाहिजे. खांद्यावरचं ऊनही तसंच, खाकेतल्या काळोखामुळेच ते पडलेलं.

ते सात दिवसही मला आठवले. मान आखडून यायचे. मी विचारलं तर म्हणाले, वजन उचललं. मी तीळतेल कोमट करून ह्याच पाठीला चोळलं होतं आणि वर बोलणी दिली होती, सरकारी नोकरीत वजनं कशाला उचलता म्हणून.

मग देव बाजूला ठेवून पत्रा काढला आणि फोटोशेजारी धरला. पाठीच्या कण्याची घळ होती. खाकेतल्या खोल रेघा होत्या. धोतराच्या चुण्या, कान. मधलं सगळं, तो अर्धा उजेड, साफ. बोट फिरवलं तर बोटाला काही लागेना.

ह्यांना सांगावं असं मनात आलं. उठून पलंगापर्यंत गेलेसुद्धा. हे जागे होते. चेंडू उजव्या मुठीत कोंबून वरून डाव्या हातानं दाबत होते, दात आवळून. मी म्हटलं, "पाणी देऊ?" आणि हे म्हणाले, "चहा. साखर... जास्त."

कशी सांगणार होते मी?

देवाला म्हटलं, बाबा रे, अपराध माझा आहे, तो माझ्या पदरात टाक. ह्या माणसाला काहीतरी हवंसं वाटलंय. गुरुवारी कोरा कागद निघाला तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करील, आणि मग मला नाही जमायचं. एवढंच म्हटलं. लांबलचक प्रार्थना करायची ताकद नव्हती.

गुरुवारी अकराला निघालो. ह्यांना रिक्षात बसवायला वॉचमन आणि मी, उतरवायला मिनल आणि मी. गाळ्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे कारखाने, त्यांची घरघर कानात बसणारी. आत मात्र रॉकेलचा आणि शाईचा वास. ह्यांनी दारातच नाक वर केलं. देवळात शिरताना मी करते तसं.

मिनलनं मला खुर्ची दिली, ह्यांना टेबलाशी बसवलं आणि हात पुढे केला. मी पिशवीतून पत्रा काढून दिला. तिनं तो खिडकीकडे नेला, तिरका धरला. मग माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्या पाठीमागून हात जोडले. तिला काय कळलं ते कळलं. म्हणाली, "चला, आधी एक काढून बघू या."

पत्रा गरम केला, पुठ्ठ्याच्या तुकड्यानं शाई फासली, खळ घातलेल्या जाळीच्या फडक्यानं पुसली. कागद पाण्यातून काढून टिपकागदात दाबलेले होते, त्यातला एक घेतला. वर जाड लोकर टाकली आणि चाक फिरवलं. कागदाचं एक टोक धरून हळूच उचलला.

भूत दिसावं तसं होतं. पांढऱ्या कागदावर एक काळी घळ, दोन बाजूंना दोन काळे डाग, खाली चुण्या, वर अधांतरी एक कान. माणूस नव्हताच. उजेड सगळीकडे होता, आणि सगळीकडे असल्यामुळे कुठेच नव्हता.

मिनलनं कागद टेबलावर ठेवला. ह्यांनी कागद डाव्या हातानं ओढून समोर घेतला आणि बघत राहिले. मला राहवेना.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "मी घासला तो. चिंचेनं. मला वाटलं ओरखडे आहेत. दर दिवाळीला घासला, जोर लावून घासला. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

"ठाऊक आहे," हे म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"बघायचो. घासताना."

"बघत होतात? बावीस वर्षं? अहो, मग तोंड शिवलं होतं का? तेव्हा तर धड बोलता येत होतं ना तुम्हाला! एका शब्दानं सांगायचं, दुर्गा, तो मी आहे, नको घासू!"

ह्यांना बोलायला वेळ लागतो. ओठ जुळवावे लागतात.

"छान दिसायचा," हे म्हणाले. "दिवा लावलास... की त्यात दिसायचा."

मला हसावं की ह्या माणसाला गदागदा हलवावं तेच कळेना. गुरुवारपर्यंत चार रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले.

ह्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. पत्र्याकडे बोट करून मिनलला म्हणाले, "शाई."

"काका, रेघाच नाहीयेत. शाई धरणार कशात?"

"वर. पुसायची... कमी."

मिनलच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. मला समजावून सांगायला लागली. "काकू, शाई रेघांतच राहिली पाहिजे असं नाही. वरची पूर्ण पुसली तर कागद पांढरा. थोडी ठेवली तर धुकट सावली येते. किती ठेवायची ते हाताला कळावं लागतं. आमच्यात कोणालाच ते काकांसारखं जमायचं नाही. पण एका हातानं..."

एका हातानं पत्रा जागेवर राहीना. फडकं फिरवलं की तो सरके. हे चिडले, फडकं टाकलं, भिंतीकडे बघायला लागले. मला तो चेहरा माहीत होता. मी उठले, टेबलाच्या पलीकडे गेले आणि पत्र्याच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून धरल्या.

"गच्च," हे म्हणाले.

"गच्चच धरलाय. पुसा तुम्ही."

फडकं फिरायला लागलं. गोल, अगदी हलकं, तान्ह्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं. माझी बोटं आतून वळवळत होती, अजून पुसा, अजून आहे शाई, म्हणून. घासणाऱ्या बाईची बोटं ती. पण हे जिथे मला घाण दिसत होती तिथेच थांबायचे. खाकेजवळ शाई तशीच ठेवली. कमरेपाशी जरा कमी. मग फडकं ठेवलं, स्वतःच्या तळहाताला खडूची पूड लावायला लावली मला, आणि तळहाताच्या कडेनं खांद्यावरची शाई उचलली. एका फटकाऱ्यात. तांबं लख्ख उघडं पडलं.

तिथून पुढे हात थबकला. पाठीच्या मधोमध आला आणि नुसताच वर धरलेला राहिला.

"काय झालं?"

"दिसत नाही," हे म्हणाले. "आठवत... नाही."

मिनल फोन शोधायला लागली, फोटो दाखवायला. पण त्या एवढ्याशा फोटोत पाठीचा मधला भाग नीट कळतच नव्हता. आणि खरंच की, ह्या माणसानं स्वतःची पाठ कधी बघितलीय? कोण बघतं?

मी बघितली होती. आठ महिने रोज सकाळी साडेसातला ह्यांना पलंगाच्या कडेला बसवून मी ओल्या फडक्यानं ही पाठ पुसत होते. आमची खिडकी पूर्वेची. तेव्हा मला वाटायचं, मी नुसती काम उरकतेय, कधी एकदा शर्ट घालतेय आणि कधी एकदा चहा टाकतेय. पण डोळे काही मिटलेले नव्हते माझे.

"मानेखाली जो मोठा मणका आहे ना," मी म्हटलं, "तिथे उजेड असतो. त्याच्याखाली तीन मणी, तांदळाएवढे, तिथे थोडा थोडा. मग घळ, तिथे काळोख. डाव्या फऱ्याची, खांद्यामागच्या त्या पसरट हाडाची, कड उजळ असते, जाड नाही, दोऱ्याएवढी. आणि फऱ्याखाली एक खळगा आहे, तिथे ऊन पोचत नाही. उजव्या बाजूला काहीच नाही. ती बाजू पडलीय आता, तिथे सगळं सपाट. पण अगदी काळं नका करू. तिथे भिंतीवरून आलेला उजेड असतो, राखेच्या रंगाचा."

मिनल माझ्याकडे बघत होती. "काकू, छाप उलटी पडते. तुम्ही डावीकडे म्हणालात ते पत्र्यावर उजवीकडे."

"ते ह्यांना सांग. मी पाठ सांगतेय."

"कळतंय," हे म्हणाले, जरा तुसडेपणानंच. बत्तीस वर्षांचा हात होता तो. मी सांगत गेले, हे पुसत गेले. मण्यांवर करंगळीचं टोक. फऱ्यावर अंगठ्याच्या बाजूनं एकच ओढ. मध्ये दोनदा हात भरून आला, थांबलो, मिनलनं पाणी पाजलं. माझ्या बोटांवर पत्र्याच्या कडेनं वळ आले होते आणि मानेतून कळ निघत होती. आम्हा दोघांचा मिळून एक धड माणूस भरला नसता त्या वेळी.

चाक मिनलनं फिरवलं. कागद उचलला तो ह्यांच्यासमोर धरला.

ते जुनं चित्र नव्हतं. बारीक रेघांची ती नक्षी गेली ती गेलीच. पण माणूस होता. काळोखातून बाहेर येऊन स्टुलावर बसलेला. चुण्या आणि घळ तेव्हाच्या, ह्यांच्या चव्वेचाळिसाव्या वर्षातल्या, ताठ. आणि त्यावर पडलेला उजेड आमच्या खिडकीतला. मानेखालचा मणका उजळलेला, खाली तीन मणी. उजवी बाजू राखेसारखी, थकलेली, जराशी खचलेली. ह्या बाजूला हात लावला तर ती गार लागते, ते मला ठाऊक आहे, आणि कागदावरही ती गार वाटत होती. कुठे काय काढलं नव्हतं ते शोधत मी किती वेळ बघत राहिले, मला सांगता येणार नाही. आठ महिने ही पाठ मी वळवत होते, पुसत होते, पावडर लावत होते, आणि ती चांगली दिसते असं एकदाही मनात आलं नव्हतं.

"काका," मिनलनं पेन्सिल पुढे केली. "सही करा खाली. ही तुमची आहे."

हे मान तिरपी करून बघत होते. छापखान्यातला माणूस बघतो तसं, नवरा किंवा आजारी माणूस बघतो तसं नाही. मग डाव्या हाताचं बोट फऱ्यावर ठेवलं.

"जास्त... पुसलं. इथे."

"कुठे जास्त? चांगलं आहे की," मी म्हटलं.

"कड जाड झाली." आणि मिनलकडे बघून, "परत."

"एक म्हणाला होतात तुम्ही!" मी म्हटलं. "अहो, दोन वाजायला आले. तुमची गोळी राहिलीय, माझे पाय बघा कसे सुजलेत. एक काढायची ठरली होती, निघाली ती."

"परत," हे म्हणाले. "शाई लाव, बाय. कागद आहेत ना?"

"सहा आहेत भिजवलेले," मिनल म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणते म्हणून.

ह्यांनी तोंड वाकडं करून, डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. सदऱ्याची बाही शाईत लोळत होती. मी ती दुमडून कोपरापर्यंत वर केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ज्याला दोनला परत बोलावलं होतं तो रिक्षावाला बाहेर येऊन थांबला होता.

"भैया, आप जाओ," मी म्हटलं. "हमको अभी टाइम लगेगा."

फोन ठेवला, हात पुसले आणि पत्र्याच्या कडा धरल्या.